खड्ड्यात टायरला फुगा आला आहे, स्टेपनी एक इंचाने लहान आहे. घाटातून प्रवास करावा का?

पाथर्डीफाटा_रहिवासी

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक गाडी आहे. वरच्या श्रेणीतील मॉडेल असल्यामुळे तिला अलॉय व्हील आणि १९५/५५ आर १६ मापाचे टायर आहेत. स्टेपनी मात्र लोखंडी रिमची, १८५/६५ आर १५ मापाची दिलेली आहे. गेल्या आठवड्यात पावसात नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याकडून घरी येताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचे डावे चाक जोरात आदळले. हवा गेली नाही, म्हणून मी गाडी तशीच घरी आणली. सकाळी उजेडात पाहिले तेव्हा टायरच्या बाजूच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा आलेला दिसला. पुढच्या रविवारी आई-वडिलांना घेऊन कसारा घाटमार्गे ठाण्याला जायचे आहे.

दोन दुकानांत विचारले, तर दोन वेगळी उत्तरे मिळाली. एकाने सांगितले की हवा जात नसेल तर हा टायर अजून बरेच दिवस चालेल, फक्त पुढचा काढून मागे लावा. दुसऱ्याने टायर बदलायला सांगितले, पण फुगा आलेला टायर टाकून न देता स्टेपनीच्या रिमवर चढवून ठेवा, असेही सुचवले. आता मापेच वेगळी असल्यामुळे तो स्टेपनीच्या रिमवर बसणार कसा, हे मला कळले नाही. कदाचित त्याला जादा रिम घेऊन ठेवायचे असे म्हणायचे असेल.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. फुगा आलेल्या टायरवर घाट उतरणे खरोखर धोक्याचे आहे का? नवा टायर मिळेपर्यंत या लहान मापाच्या स्टेपनीवर किती अंतर आणि किती वेगाने जाता येईल? आणि शहरात सध्या सिंहस्थाच्या कामांसाठी ठिकठिकाणी खोदाई चालू असताना हे पुन्हा होणारच असेल, तर कायमचा उपाय म्हणून काय करावे? माझा धाकटा भाऊ इलेक्ट्रिक गाडी घेतो आहे आणि तिला तर स्टेपनीच नाही. त्याबद्दलही कोणाचा अनुभव असल्यास सांगावा.

अंबड_अलाइनमेंट

नमस्कार साहेब. अंबड औद्योगिक वसाहतीजवळ माझे टायर आणि व्हील अलाइनमेंटचे काम आहे. पावसाळा सुरू झाला की तुम्ही वर्णन केले तसे टायर आमच्याकडे रोज येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. त्या टायरवर घाटात जाऊ नका, किंबहुना शहरातही तो वापरू नका. रेडियल टायरमध्ये पोलादी तारांचे पट्टे फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली असतात. बाजूच्या भिंतीत पॉलिएस्टरच्या दोऱ्यांचे एक किंवा दोन थर आणि त्यावर रबर, एवढेच असते. चाक खड्ड्याच्या धारेवर आदळते तेव्हा टायरची भिंत रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटली जाते आणि आतल्या दोऱ्या तुटतात. सर्वांत आतला रबराचा थर शाबूत राहिला तर हवा बाहेर जात नाही, पण दोऱ्यांचा आधार गेलेल्या जागी हवेचा दाब रबराला बाहेर ढकलतो. तोच तुम्हाला दिसलेला फुगा. म्हणजे तेथे आता हवा केवळ रबराने अडवून धरलेली आहे. तुटलेल्या दोऱ्या पुन्हा जोडण्याचा कोणताही उपाय नाही, पॅच नाही आणि गरम करून चिकटवणेही नाही. कोणी तसे करून देतो म्हणाला तर त्याच्याकडून करून घेऊ नका.

हवा जात नाही, म्हणजे टायर चांगला आहे, हा समज फार पसरलेला आहे आणि तो घातक आहे. तुमच्या चाकाचा घेर साधारण १.९५ मीटर भरतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला ते मिनिटाला सुमारे ६८० वेळा फिरते आणि प्रत्येक फेरीत तो कमकुवत भाग एकदा दबून पुन्हा ताणला जातो. त्यात गाडीत माणसे आणि सामान, आणि उतारावर पुढच्या चाकांवर येणारे जादा वजन. पुढचा टायर मागे लावल्याने धोका कमी होत नाही. वळणावर मागचे चाक अचानक बसले तर गाडी फिरते आणि तशी गाडी सावरणे पुढचे चाक बसलेल्या गाडीपेक्षाही अवघड असते.

एक खुलासा करतो, कारण त्यावरून लोक विनाकारण घाबरून आमच्याकडे येतात. टायरच्या भिंतीवर बाहेर आलेला उंचवटा धोक्याचा असतो. आत गेलेली, वरून खाली जाणारी हलकी उभी खाच मात्र आतील थर जिथे जोडलेले असतात त्या सांध्याची असू शकते आणि ती निरुपद्रवी असते.

आता स्टेपनीबद्दल. तुमची स्टेपनी 'लहान' आहे असे तुम्ही लिहिले आहे, पण आकडे मांडून पाहिले तर चित्र वेगळे दिसते. १९५/५५ आर १६ म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे १०७ मिलिमीटर, आणि रिम १६ इंचांची. तुमच्या स्टेपनीच्या १८५/६५ आर १५ या मापात भिंत सुमारे १२० मिलिमीटर आहे आणि रिम १५ इंचांची. दोन्हींचा बाहेरचा व्यास काढला तर तो सुमारे ६२१ मिलिमीटर येतो, फरक मिलिमीटरभराचाही नाही. म्हणून ही स्टेपनी पुढे लावली तरी डिफरन्शियलवर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरवर, ताण येत नाही आणि स्पीडोमीटरही चुकीचे दाखवत नाही. वजन पेलण्याच्या बाबतीतही तिच्यात कमतरता नसते. टायर किती वजन पेलतो हे सांगणारा भारांक तुमच्या स्टेपनीच्या मापावर सहसा ८८ आणि १६ इंची मापावर ८७ असतो, आणि ८८ म्हणजे ५६० किलो, तर ८७ म्हणजे ५४५ किलो. तरीही ती पुढे लावल्यास दोन्ही बाजूंची रुंदी आणि पकड वेगळी होते, ओल्या रस्त्यावर जोराचा ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढू शकते, म्हणूनच अशा चाकावर कंपनी वेगाची मर्यादा चिकटवते. ती सहसा ताशी ८० किलोमीटर असते. आपल्या चाकावरचे स्टिकर आणि गाडीची पुस्तिका पाहा आणि तेच प्रमाण माना. या स्टेपनीवर नवा टायर मिळेपर्यंत शहरात फिरायला हरकत नाही. आई-वडिलांना घेऊन ठाण्याला जाण्यापूर्वी मात्र टायर आणाच, कारण तीच एकमेव स्टेपनी पुढे लावून निघालात तर वाटेत दुसरे चाक गेल्यावर हातात काहीच उरणार नाही.

ज्यांच्या गाडीत सायकलच्या चाकासारखी अरुंद दिसणारी तात्पुरती स्टेपनी असते, त्यांनी हा हिशेब स्वतःच्या गाडीला लावू नये. त्या टायरच्या मापाआधी 'टी' हे अक्षर असते, त्यात हवा सहसा ६० पीएसआय भरावी लागते आणि तिचा व्यासही अनेकदा कमी असतो. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत असे चाक शक्यतो मागे लावावे, आणि पुढचे चाक पंक्चर असेल तर मागचे चांगले चाक पुढे घेऊन हे मागे बसवावे. काम दुप्पट होते, पण ओल्या रस्त्यावर त्याचा उपयोग कळतो.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर माझे मत असे आहे की पाचही चाके १८५/६५ आर १५ करून घ्यावीत. तुमच्याच मॉडेलच्या खालच्या श्रेणीला कारखान्यातून हेच माप येत असेल, तर ब्रेकची डिस्क आणि कॅलिपर १५ इंचाच्या रिममध्ये मावतात का, एवढे खात्रीने तपासून घ्या. भिंतीची उंची १३ मिलिमीटरने वाढते, म्हणजे रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये तेवढे जास्त रबर आणि तेवढी जास्त हवा येते. आपल्याकडच्या रस्त्यांवर हा फरक फार मोलाचा आहे. गाडी दिसायला थोडी साधी होईल, पण दर पावसाळ्यात टायर घेण्याची पाळी येणार नाही. ते नको असेल तर १६ इंचांची एक जादा रिम घ्या. व्यास सारखाच असल्यामुळे ती डिक्कीतल्या खळग्यात बसते, फक्त १० मिलिमीटर जास्त रुंदीमुळे वरची फळी किंचित उचलली जाऊ शकते.

टायर बदलताना चाक पूर्ण उतरवून रिमची आतली कड हात फिरवून पाहायला सांगा. अलॉयला तडा बहुधा आतल्या बाजूला जातो आणि बाहेरून तो दिसत नाही. लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ करता येते, पण तडा गेलेली अलॉय वेल्डिंग करून वापरणे मी कोणालाही सांगणार नाही. त्याच वेळी लोअर आर्म, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि टाय रॉडचे टोक हे सस्पेन्शन आणि स्टीअरिंगचे भाग पाहून घ्यावे आणि मगच अलाइनमेंट करावी. सैल झालेल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट टिकत नाही.

ओझरची_वाट

आपल्या धाकट्या भावासाठी लिहिते. आमच्या घरी इलेक्ट्रिक गाडी आहे आणि तिच्यात स्टेपनी नाही. हे बेकायदा आहे असे अनेकांना वाटते, पण तसे नाही. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये नियमांत बदल केला आणि १ ऑक्टोबर २०२० पासून साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे किट दिलेले असल्यास, स्टेपनी देण्याच्या अटीतून सूट मिळाली. बॅटरीसाठी जागा हवी म्हणून इलेक्ट्रिक गाड्यांना ही सवलत सोयीची ठरली.

माझी हरकत त्या किटच्या भरवशावर आहे. किटमध्ये रबरी द्रावणाची बाटली आणि १२ व्होल्टवर चालणारा हवेचा पंप असतो. खिळ्यामुळे टायरच्या मधल्या भागाला पडलेले चार-सहा मिलिमीटरपर्यंतचे छिद्र त्याने बुजते. वर अंबडच्या दादांनी जे सांगितले, ते तर भिंत फाटण्याचे नुकसान आहे, आणि तेथे हे द्रावण काहीही करू शकत नाही. म्हणजे ज्या नुकसानीची आपल्या रस्त्यांवर सर्वांत जास्त शक्यता आहे, नेमके त्यावरच या किटकडे उत्तर नाही. गाडी विकणाऱ्यांनी हे गिऱ्हाइकाला समोर बसवून सांगायला हवे. आम्हाला ज्या शोरूममध्ये गाडी मिळाली, तेथे कोणीही सांगितले नव्हते.

म्हणून आम्ही त्याच मापाची एक लोखंडी रिम आणि त्याच भारांकाचा टायर वेगळा घेतला. तो एरवी घरी पार्किंगमध्ये झाकून ठेवलेला असतो आणि नाशिकच्या बाहेर जाताना डिक्कीत ठेवून पट्ट्याने आवळतो. सामानाची जागा जाते, हे मान्य आहे. जॅक आणि पानाही गाडीबरोबर येत नाही, तो स्वतंत्र घ्यावा लागतो. इलेक्ट्रिक गाडी वजनाने जड असते, म्हणून जॅक तिच्या वजनाला पुरेसा असावा आणि पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावा. चुकून बॅटरीच्या पेटीखाली जॅक लावला तर नुकसान फार मोठे होईल. रिम वेगळ्या प्रकारची असेल तर तिला चालणारे नट निराळे असू शकतात, तेही घेतानाच बसवून पाहा.

द्रावणाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते, ती पाहत जा. आणि कधी ते वापरावे लागलेच, तर पंक्चरवाल्याला आधी सांगा, कारण टायर उघडल्यावर ते सगळे साफ करावे लागते आणि आतला दाबाचा सेन्सरही तपासावा लागतो.

विमा_नाशिकरोड

मी मोटार विम्याचे काम करतो, त्यामुळे पैशांच्या बाजूने थोडे लिहितो. सर्वसमावेशक पॉलिसीच्या नेहमीच्या अटींनुसार केवळ टायर खराब झाला तर भरपाई मिळत नाही. त्याच घटनेत गाडीच्या इतर भागाचेही नुकसान झाले असेल, तरच टायरचा विचार होतो आणि तोही बदलण्याच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये सक्तीची वजावट होते. आणि एकदा दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, जो पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे एका टायरसाठी दावा करणे बहुतेकांना परवडत नाही. लोअर आर्म वाकला असेल किंवा रिमला तडा असेल, तर हिशेब बदलतो. अशा वेळी दुरुस्ती करण्याआधी कंपनीला कळवा आणि सर्वेक्षण होऊ द्या. खड्ड्याचे आणि चाकाचे छायाचित्र जागेवरच काढलेले असेल तर उपयोगी पडते.

टायरसाठी वेगळे जादा संरक्षण मिळते. रोज महामार्गावर जाणाऱ्यांनी आणि कमी उंचीच्या भिंतीचे टायर असलेल्यांनी नूतनीकरणाच्या वेळी त्याची चौकशी करावी. टायर कंपनीच्या वॉरंटीत आदळून झालेले नुकसान येत नाही, ती उत्पादनातील दोषापुरती असते.

इगतपुरी_रोजची_फेरी

मी नोकरीसाठी नाशिकहून इगतपुरीला स्वतः गाडी चालवत जाते. टायर कोणता घ्यावा, याबद्दल वर उत्तम माहिती आली आहे. मला स्टेपनी प्रत्यक्ष वापरता येण्याबद्दल सांगायचे आहे, कारण डिक्कीत स्टेपनी असूनही रस्त्याकडेला अडकून पडलेली कुटुंबे मी वाडीवऱ्हे आणि घोटीच्या पट्ट्यात वारंवार पाहते.

कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक असते. स्टेपनीत हवाच नसते, किंवा चाकाचे नट सुटत नाहीत. टायरमधली हवा न वापरताही दर महिन्याला थोडी कमी होत राहते आणि दाब दाखवणारी यंत्रणा बहुतेक गाड्यांत फक्त चार चाकांवर लक्ष ठेवते, पाचव्यावर नाही. हवा भरताना डिक्की उघडून स्टेपनीही तपासायला सांगा, आणि दोन-तीन पीएसआय जास्तच भरून ठेवा. नटांचे कारण वेगळे आहे. गॅरेजमध्ये हवेच्या गनने ते इतके आवळतात की गाडीबरोबर आलेल्या आखूड पान्याने हलत नाहीत. चाकांचे कोणतेही काम करून आणले की घरासमोर, गाडी जमिनीवर असतानाच, प्रत्येक नट एकदा हाताने सैल होतो का ते पाहून पुन्हा आवळावा. मी लांब दांड्याचा पाना ठेवते. अलॉयला चोरी टाळण्यासाठी खास नट असेल तर त्याची किल्ली गाडीतच असली पाहिजे, घरच्या कपाटात असून उपयोग नाही.

ज्यांची स्टेपनी गाडीच्या खाली टांगलेली असते, त्यांनी पावसाळा संपला की ती एकदा उतरवावी. चिखल आणि गंज यांमुळे तिची साखळी किंवा तार अडकते आणि गरजेच्या वेळी ती खाली येत नाही.

खड्ड्यात आदळल्यावर पहिल्या काही क्षणांत काय करावे, हेही सांगते. स्टीअरिंग घट्ट आणि सरळ धरावे, जोरात ब्रेक मारू नये, वेग आपोआप उतरू द्यावा आणि धोक्याचे दिवे लावून सपाट व रुंद जागेपर्यंत हळू जावे. कसारा घाटात वळणावर किंवा उतारावर चाक बदलायला थांबू नये. त्यासाठी टायर पूर्ण फाटला आणि रिम खराब झाली तरी चालेल, कारण माणसांपेक्षा रिम महाग नाही. थांबल्यावर हँडब्रेक, पहिला गिअर, विरुद्ध बाजूच्या चाकाला दगड, आणि लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागे, वळणाच्या अलीकडून दिसेल असा. सगळ्यांना गाडीतून उतरवून संरक्षक कठड्यापलीकडे उभे करावे. नट आधी जमिनीवर सैल करावेत, मग जॅक लावावा. नवे चाक बसवताना नट समोरासमोरचे आवळत जावे आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासावेत. राष्ट्रीय महामार्गावर मदत हवी असल्यास १०३३ हा क्रमांक आहे.

चालवताना एक सवय फार उपयोगी पडते. खड्डा टाळता येणार नाही असे दिसले तर ब्रेक खड्ड्याच्या आधी मारावा आणि चाक कडेवर येण्याआधी सोडून द्यावा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचे नाक खाली झुकलेले असते, सस्पेन्शन आधीच दबलेले असते आणि सगळा तडाखा टायर आणि रिम यांच्यावर येतो. वेग दुप्पट असेल तर तडाख्यातील ऊर्जा चौपट होते, त्यामुळे वीस-पंचवीस किलोमीटरने उतरवलेला वेगही टायर वाचवू शकतो. पाणी साचलेले दिसले की ते खोलच आहे असे धरून चालावे.

भावाला सांगा की समृद्धी महामार्गाने जाणार असेल तर निघण्यापूर्वी सकाळी, चाके थंड असताना, हवा तपासावी. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून नाशिकचे पुष्कळ लोक त्या रस्त्याने जातात. तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि कमी हवेचा किंवा आधी आदळलेला टायर सततच्या वेगाने तापून तेथेच फुटतो.

पाथर्डीफाटा_रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. आज अंबडलाच चाक उघडून पाहिले. रिमला तडा नाही, लिंक रॉड मात्र सैल निघाला, तो बदलला. पाचही चाके १५ इंचांची करण्याचा विचार पक्का केला आहे, पण रविवारपर्यंत रिम मिळणार नाहीत. तोपर्यंत १६ इंचांचा एकच नवा टायर घ्यावा की दोन? आणि फुगा आलेला टायर जादा रिमवर चढवून 'अडीनडीला असू द्यावा' असे वडिलांचे म्हणणे आहे, कारण त्याची नक्षी अजून पुष्कळ शिल्लक आहे.

अंबड_अलाइनमेंट

पुढच्या दुसऱ्या टायरची नक्षी अर्ध्याहून जास्त शिल्लक असेल तर त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा एकच टायर घ्या. तुम्ही लवकरच माप बदलणार आहात, त्यामुळे दोन घेण्यात पैसे अडकतील. टायरच्या भिंतीवर चार आकड्यांचा संकेत असतो. त्यातील पहिले दोन आकडे उत्पादनाचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, ते पाहून ताजा टायर मागा. तुमच्या आताच्या स्टेपनीचाही तो संकेत वाचा. कधीच न वापरलेली स्टेपनी नवीन दिसते, पण रबर वयाने कडक होते. पाच वर्षांच्या पुढे गेली असेल तर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांची झाली असेल तर नक्षी कितीही असली तरी काढून टाका. नव्या १५ इंची संचात ती पाचवी म्हणून धरण्याआधी एवढे पाहाच.

वडिलांना माझा नमस्कार सांगा, पण फुगा आलेला टायर स्टेपनी म्हणून ठेवू नका. स्टेपनी लागते ती बहुधा रात्री, पावसात, गाडी भरलेली असताना, आणि नेमके त्याच वेळी तुटलेल्या दोऱ्यांच्या टायरवर सगळ्यांना बसवून पुढे जावे लागेल. नक्षी शिल्लक असल्यामुळेच असे टायर कोणीतरी उचलून पुन्हा विकतो. दुकानात टायर सोडून येताना त्याची भिंत तुमच्यासमोर कापायला सांगा. आमच्याकडे आलात तर मीच कापून ठेवीन.